सात डॉलरचं खोकं

ऑर्फा स्टिडमच्या घराचा लिलाव झाला ऑक्टोबरात,
केंटकीच्या त्या घळीत, अंगणातल्या पाचोळ्यावर टेबलं मांडून.
लिलाववाला इतकं भरभर बोलत होता
की आपण कुणाला गेलो हे पलंगालाही कळलं नसेल.
मी हात वर केला तो माशी हाकलायला,
असं निदान हॉलिसला सांगितलं घरी आल्यावर.
सात डॉलर. एक खोकं. बावीस बरण्या,
बंद पडलेल्या खाणीच्या कॅलेंडरात गुंडाळलेल्या,
मार्च, मार्च, जून, नुसता अर्धा डिसेंबर.

काच निळसर हिरवी.
आमच्या ओढ्याला असायचा तो रंग,
म्हणजे खाणीच्या आधी.
तिच्यात बुडबुडे आहेत, बारीक, तिरपे,
शंभर वर्षांपूर्वी वर यायला निघालेले
आणि अजून वाटेतच.

व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून खळखळवल्या.
मग एकेकीच्या काठावरून बोट फिरवलं.
हे ऑर्फानंच शिकवलेलं,
तिच्या पोर्चवर शेंगांचे दोरे काढताना:
"काठ बघावा, पोरी. पोट कुणीही बघतं."
तिघींच्या काठाचे टवके उडालेले.
त्यांच्यात काही टिकणार नाही,
पण ठेवता येईल.
टिकवणं वेगळं, ठेवणं वेगळं.

तर एकीत कपड्यांचे चिमटे.
एकीत वाकडे खिळे, जे हॉलिस कधीतरी सरळ करणार आहे.
मक्याचं पीठ, बटणं, न भरलेली बिलं.
उन्हानं जांभळी पडलेल्या एका बरणीत
रात्रीपुरती त्याची कवळी;
सकाळी पडदा सारला की
माझ्याकडे बघून जांभळं हसते.

लेक्सिंग्टनहून भाची आली, डेल्फा.
म्हणाली, लोक आता यांचे दिवे करतात,
लग्नात झाडांना टांगतात,
एकेकीचे तीस तीस डॉलर मोजतात.
म्हटलं, लग्नात?
यांच्यात आम्ही डुकराची चरबी ठेवायचो.

आणि बाविसावी.
तारेची कडी कधीच सुटलेली,
तरी झाकण जागचं हलेना.
रबर आवळलेलं. आत काही नाही.
डेल्फा म्हणाली, रिकामी बरणी कोण सील करतं?
मला माहीत होतं कोण करतं.
उकळायच्या भांड्यात जागा सात बरण्यांची.
सहाच भरल्या तर सातवी रिकामी घालायची,
नाहीतर बाकीच्या कलंडतात, एकमेकींना ठेचतात.
त्या वर्षी शेंगा कमी आल्या असतील.
किंवा खाणारी माणसं.

ती मी खिडकीत ठेवली. तीन हिवाळे.
हॉलिस म्हणायचा, उघड की. मी म्हणायचे, राहू दे.
पाहुण्यांना दाखवलीसुद्धा नाही;
काय दाखवणार, आरपार तर खिडकीच दिसायची.

मग जुलैत शेजारचा कोल्बी आला धापा टाकत,
कुंपणापाशी काजवे आहेत, बरणी द्या.
माझे हात पिठात. म्हटलं, घे ना खिडकीतली एखादी.
मान वळवली तोवर
त्यानं रबराची जीभ धरून ओढली होती.

एवढासा आवाज झाला. कुणी झोपेत श्वास घ्यावा तेवढा.
बाहेर काहीच आलं नाही.
ऑर्फाचं स्वयंपाकघर नाही,
त्या ऑगस्टचा वास नाही.
उलट आमचीच हवा आत गेली,
कांद्याची, चुलीवरच्या कॉफीची, हॉलिसच्या खोकल्याची,
जशी काही इतकी वर्षं दाराशी ताटकळत होती.

"मोडली का?" कोल्बी जागीच थिजलेला.
मी पिठाच्याच बोटानं काठ चाचपला.
गुळगुळीत. सगळीकडून.
"नाही रे. जा, पळ.
आणि ते झाकण गवतात टाकू नकोस.
तसलं दुसरं मिळत नाही."